मुलांची राखण कोणाची?

नागपुरातील मनीषनगरासारख्या वाढत्या वस्तीत सकाळच्या प्रहरी शाळेच्या गाड्यांची रीघ लागते. आईबाप मूल गाडीत बसवितात आणि त्याचा भार परक्या हाती सोपवून आपापल्या उद्योगास लागतात. हा विश्वास हेच शाळेचे खरे भांडवल होय. ते बुडाले तर उंच इमारत काय कामाची?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरास हे भांडवल बुडाले. शाळेतील सफाई कामगाराने दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. ती नोंदविण्यासाठी पालकांस पोलीस ठाण्यात तासन्‌तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन हे प्रकरण हाती घेतले. पुढे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर ह्यांनी शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण गहाळ असल्याचे सांगितले. म्हणजे यंत्राचा डोळा होता, राखण मात्र नव्हती!

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांस एका महिन्यात कॅमेरे बसविण्यास फर्माविले. मुख्याध्यापकाने आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे, नेमणुकीपूर्वी नोकरांची चारित्र्यपडताळणी व्हावी, तक्रारपेटी असावी, असेही त्यात आहे. नियम उत्तमच, परंतु कॅमेरा विकत मिळतो, दक्षता विकत मिळत नाही. आमचा व्यापारी बंधू जामिनाखेरीज गल्ल्यावर माणूस बसवीत नाही, आणि रोज रात्री रोकड मोजल्यावाचून दुकान बंद करीत नाही. मग पोटच्या पोरांविषयीच ही बेफिकिरी का? धोका बहुधा ओळखीच्या चेहऱ्यानेच येतो. २०१४ साली ह्याच नागपुरात शाळेतून परतलेल्या आठ वर्षांच्या बालकाचे अपहरण होऊन खून झाला. अपराध्यांपैकी एक त्याच्या पित्याकडील जुना नोकर होता.

परंतु सर्वांत घातक वैरी म्हणजे मौन. 'शाळेची अब्रू जाईल' ह्या सबबीखाली किती तक्रारी कार्यालयातच दडपल्या जात असतील! २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा ही सबब मानीत नाही. गुन्हा ठाऊक होताच पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालील माणसाचा गुन्हा लपविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. अब्रू झाकल्याने राहत नाही, न्याय केल्याने राहते.

तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या वेळी शुल्काची चौकशी करता, तशीच आणखी चौकशी करा. गाडीच्या चालकाची पडताळणी झाली काय? तक्रारपेटी कोण उघडतो, आणि केव्हा? चित्रण कोण पाहतो? उत्तर न मिळाल्यास पालकसभेत पुन्हा विचारा. मुलांस १०९८ हा साहाय्याचा क्रमांक पाठ करवा. आणि मूल घरी येऊन काही अडखळत सांगू लागले, तर हातचे काम टाकून प्रथम त्याचे ऐका. राखणीचा आरंभ तेथूनच होतो.