रेशीम कीटकांचे रोग : खरी लढाई बॅचच्या आधी

अळ्या एकूण पाल्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत खातात. बहुतेक रोगही नेमके तेव्हाच डोळ्यांना दिसतात. पाला, मजुरी, अंडीपुंज यांवर पैसा खर्च होऊन गेलेला असतो आणि कोष मात्र हाती लागत नाहीत. बीड-जालन्याकडे ज्यांचे घर कोषांवर चालते, त्यांच्यासाठी हा फार मोठा घाव. यातले बरेच नुकसान टाळता येते. त्याच्या आड येतात ते काही पक्के बसलेले समज.

गैरसमज : रोग दिसला की औषध आणून अळ्या बऱ्या करता येतात.

वस्तुस्थिती : ग्रासरी हा विषाणूचा रोग. अळी फुगते, पिवळसर पडते, कातडी फाटून दुधासारखा द्रव गळतो. या अळीला बरे करणारे औषध नाही. तो द्रव पाल्याला लागला की आजूबाजूच्या अळ्यांनाही लागण होते. म्हणून अशी अळी फुटण्याआधीच चिमट्याने उचलून चुना आणि ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात टाकावी. कात टाकून अळ्या उठल्यावर, पाला देण्याच्या अर्धा तास आधी ‘विजेता’सारखी भुकटी धुरळतात, ती निरोगी अळ्या वाचवण्यासाठी.

गैरसमज : शेड झाडून धुतली की निर्जंतुक झाली.

वस्तुस्थिती : कोरडा झाडू मारल्याने रोगाचे कण धुळीसोबत उडून भिंती-रॅकवर बसतात. म्हणून क्रम उलटा हवा. बॅच संपताच आधी निर्जंतुकीकरण, मग सफाई आणि धुणे, आणि नवी बॅच येण्यापूर्वी पुन्हा निर्जंतुकीकरण. 100 लिटर पाण्यात 2 किलो ब्लीचिंग पावडर आणि 300 ग्रॅम विरलेला चुना, हे नेहमीचे प्रमाण. पावडर मात्र ताजी हवी. उघड्या पिशवीतला क्लोरीन उडून जातो आणि उरते ती नुसती पांढरी भुकटी. चंद्रिका (कोष बांधण्यासाठी अळ्या ठेवतात त्या चौकटी), जाळ्या, ट्रे यांनाही हेच लागू.

गैरसमज : चुना मारला की सगळे रोग जातात.

वस्तुस्थिती : पेब्रीन हा रोग मादी पतंगाकडून अंड्यातच उतरतो, शेड कितीही स्वच्छ असली तरी त्याला अटकाव होत नाही. लुई पाश्चर यांनी 1865 पासून दक्षिण फ्रान्समध्ये या रोगाचा अभ्यास केला आणि अंडी घातल्यावर मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून बाधित अंडी नष्ट करण्याची पद्धत रूढ केली. आजही बीजनिर्मितीत तीच तपासणी पाया आहे. म्हणूनच अंडीपुंज किंवा चॉकीच्या (लहान वयाच्या) अळ्या खात्रीच्या केंद्रातूनच घ्याव्यात. चार पैसे वाचवायला गेलो तर पूर्ण बॅच पणाला लागते.

गैरसमज : अळी मरते ती हवामानामुळे, आपल्या हातात काही नाही.

वस्तुस्थिती : हवामान रोगाला वाट करून देते, आणि ती वाट आपण अडवू शकतो. मोठ्या अळ्यांना 23 ते 25 अंश तापमान आणि 70 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. पावसाळी, थंड, दमट हवेत मस्कार्डिनची बुरशी वाढते; अळी खडूसारखी पांढरी, कडक होते. ती पांढरी पडण्याआधीच वेचावी, कारण नंतर बीजाणू हवेतून पसरतात. ओला किंवा तापलेला पाला, दाटी आणि कोंदट शेड यांमुळे फ्लॅचरी हा रोग बळावतो. त्यामुळे हवा खेळती ठेवावी, अळ्यांना मोकळी जागा द्यावी, बेड कोरडा ठेवावा.

गैरसमज : उझी माशीवर फवारा मारला की काम झाले.

वस्तुस्थिती : रेशमाची अळीही कीटकच, माशीला मारणारे विष तिलाही मारते. शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने तुतीवर आली, तरी बॅच धोक्यात येते. उझी माशी अळीच्या अंगावर अंडे घालते, त्यातली अळी आत शिरते आणि तिथे काळा डाग उमटतो. यावर खरा उपाय म्हणजे दारे-खिडक्यांना बारीक जाळी, आत शिरताना दुहेरी दार आणि उझीच्या कोषांवर जगणारा नेसोलिंक्स हा मित्रकीटक.

गैरसमज : मेलेल्या अळ्या आणि बेडचा कचरा तुतीला चांगले खत.

वस्तुस्थिती : ताजा कचरा बागेत टाकला की रोग पाल्यावरून पुन्हा शेडमध्ये येतो. मेलेल्या अळ्या जाळाव्यात किंवा चुना टाकून खोल पुराव्यात. कचरा शेडपासून दूर खड्ड्यात पूर्ण कुजवूनच वापरावा.

रोगावरचा खर्च करायचाच असेल, तर तो बॅच येण्याआधीच्या आठवड्यात करा: ताजी पावडर, जाळीची दुरुस्ती आणि तपासलेले अंडीपुंज यांवर. त्या आठवड्यातली मेहनतच पुढे कोषांच्या वजनात दिसते.