किडनी देणाऱ्याची तपासणी : सीटी की एमआरआय?

किडनी देणारा माणूस आजारी नसतो, हे आधी ध्यानात घेऊ. धडधाकट माणूस दुसऱ्यासाठी ऑपरेशन करून घेतो. म्हणून त्याची तपासणी ठरवताना आपल्यापुढे दोन प्रश्न असतात. सर्जनला हवं ते दिसलं का? आणि ते बघायला दात्याला किती त्रास दिला?

सर्जनला काय बघायचं असतं? धमन्या किती, शिरा कशा, मूत्रवाहिनी एक की दोन, खडा किंवा गाठ आहे का. पुस्तकात प्रत्येक किडनीला एकच धमनी दाखवतात. प्रत्यक्षात साधारण चारातल्या एका माणसात कुठल्या तरी बाजूला जादा धमनी सापडते. आणि या धमन्या एकमेकींची जागा भरून काढत नाहीत. एक तुटली की तिच्या वाट्याचा भाग मरतो. खालच्या टोकाची बारीक धमनी बऱ्याचदा मूत्रवाहिनीलाही रक्त पुरवते. ती चुकून कापली गेली, तर ज्याला किडनी बसवली त्याच्या पोटात लघवी गळू शकते.

पूर्वी यासाठी जांघेच्या धमनीतून नळी घालून अँजिओग्राफी करत, आणि मूत्रवाहिनीसाठी आयव्हीपी वेगळी. धमन्या छान दिसत, शिरा तितक्या नाही. आता सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडलं, की एकाच तपासणीत सगळं दिसतं. औषधाआधीच्या फेरीत खडेही कळतात. १९९५ मध्ये बाल्टिमोरला दात्याची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीतून काढली गेली. ही पद्धत रुळली तसा आधीच्या नकाशाला आणखी भाव आला, कारण दुर्बिणीतून हाताने चाचपता येत नाही.

मग एमआरआय का नको? त्यात क्ष-किरण नाहीत, आयोडीनही लागत नाही. पण बारीक धमनी आणि खडा त्यात निसटू शकतो. म्हणून बहुतेकांना सीटी, आणि आयोडीनची ॲलर्जी असेल किंवा किरणं टाळायची असतील तर एमआरआय.

एक गोष्ट मात्र दोन्हींतून नीट कळत नाही : कुठली किडनी किती काम करते. ते डीटीपीए रेनोग्राम सांगतो. दोन्ही सारख्या असतील तर सहसा डावी घेतात, तिची शीर लांब असते. फरक मोठा असेल, तर उजवी-डावी काहीही असो, चांगली किडनी दात्याकडेच ठेवायची. देणाऱ्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून विचारावं : आमच्या माणसाकडे कुठली राहणार, आणि का?