दवणा दारात, धोत्रा दाराबाहेर

जोतिबाच्या नावानं चांगभलं!

आपण डोंगराखालच्या बायका. चैत्र आला हे आपल्याला कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतं. सासनकाठ्या वर चढायला लागल्या, गुलाल-खोबरं उधळायला लागलं की त्यात दवण्याचा वास मिसळतो आणि घरात बसलेल्या बाईलाही वाटतं, यात्रा आली. आज आम्ही या दवण्याविषयी आणि त्याच्यासारख्या देवाच्या, औषधाच्या झाडांविषयी बोलणार आहोत. कोणती झाडं नवख्या बाईनंही दारात लावावीत, कोणती जपून लावावीत आणि कोणती अजिबात लावू नयेत, एवढाच आजचा विषय.

हा विषय का काढला, ते आधी सांगतो. गेल्या श्रावणात आमच्या गटातल्या एका मावशींनी सोमवारच्या पूजेसाठी धोत्र्याची फुलं आणि काटेरी बोंडं आणली होती. पूजा झाली, उरलेली बोंडं ओट्यावरच्या सुपात राहिली. चार वर्षांच्या नातवानं एक वाळकं बोंड फोडलं आणि बिया खाल्ल्या. कुणी पाहिलं नाही. तासाभरानं पोराचं तोंड लालबुंद झालं, अंग तापलं, ते रिकाम्या हवेत हात मारायला लागलं आणि भिंतीकडं बघून बडबडायला लागलं. मावशींना वाटलं, बाहेरची बाधा झाली. मीठ-मोहरी उतरवली, नारळ उतरवला. त्यात तास गेला. शेवटी शेजारच्या सुनेनं सुपातलं फुटकं बोंड पाहिलं आणि पोराला उचलून दवाखान्यात नेलं. पोर वाचलं, दोन दिवसांत खेळायला लागलं. पण पुढच्या बैठकीत मावशी आम्हाला म्हणाल्या, "अगं, जे म्हादेवाला चालतं ते माझ्या पोराला कसं काय बाधलं?"

प्रश्न साधा होता, पण बैठकीत कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही कृषी सहायकांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, म्हाताऱ्या बायकांकडून जुनं ऐकून घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट. झाडाला पळता येत नाही. किडीनं, जनावरानं खाऊ नये म्हणून ते आपल्या पानांत, बियांत, मुळांत कडू, उग्र, विषारी रस तयार करतं. त्यातले काही रस माणसाच्या डोक्यावरही काम करतात. चहानं तरतरी येते, तंबाखूनं तलफ लागते, अफूनं गुंगी येते, ती याचमुळं. तेव्हा एखादं झाड देवाचं आहे, गावठी आहे, आजीच्या वेळचं आहे, म्हणून ते निर्धोक आहे असं होत नाही. झाड कोणतं, त्याचा कोणता भाग, किती आणि कुणाला, हे चार प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचे.

आता लावायच्या झाडांकडं येऊ. पहिला मान दवण्याचा.

दवण्याला जुन्या पोथ्यांत दमनक म्हणतात आणि चैत्रात देवाला दमनक वाहायची रीत फार जुनी आहे. झाड हातभर उंचीचं, पानं बारीक कातरलेली, राखाडी-हिरवी. फुलं इवलीशी आणि पिवळी. दवण्यानं नशा येत नाही, त्याचं सगळं मोल वासात आहे. त्याच्या फुलापानांतून तेल काढतात आणि ते अत्तराच्या धंद्यात महाग विकलं जातं. दक्षिणेत कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र या भागांत तेलासाठी त्याची शेती होते. आपल्याकडं मात्र त्याचं गिऱ्हाईक म्हणजे चैत्रातला भाविक.

दवण्याला मुसळधार पाऊस सोसत नाही. आपल्या डोंगराच्या पावसात तो सडूनच जातो. त्याला थंडी आणि दव आवडतं. म्हणून पाऊस पूर्ण गेल्यावर, नोव्हेंबरमध्ये, रोप टाकायचं. बी धुळीसारखं बारीक असतं. आमचं पहिलं वर्ष तिथंच फसलं. एकीकडं दोन वर्षांपूर्वीचं बी होतं, ते आम्ही हौसेनं टाकलं आणि वाफा बोडका राहिला. दवण्याचं बी एका हंगामापुरतंच जिवंत राहतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. बी मागताना याच वर्षीचं आहे का, हे आधी विचारा.

दुसऱ्या वर्षी ताजं बी मिळालं. ते फडक्यात बांधून दोन दिवस ओलं ठेवलं, मग बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फेकलं. वरून चाळलेलं शेणखत नुसतं भुरभुरलं. बी खोल गाडायचं नाही, नाहीतर ते वर येत नाही. पाणी झारीनं, सकाळ-संध्याकाळ. दीड-दोन महिन्यांनी रोपं चार बोटांची झाली की काढून लावायची. दोन ओळींत पाऊण वीत आणि दोन रोपांत चार बोटं अंतर पुरे. जमीन निचऱ्याची हवी. पाणी साचलं की रोप मान टाकतं.

बी टाकल्यापासून साधारण पावणेचार महिन्यांत फुलं उमलतात आणि तेव्हा वास भरात असतो. चैत्र पौर्णिमा कधी मार्चअखेरीस, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते. म्हणून आम्ही कॅलेंडर बघून पौर्णिमेपासून चार महिने मागं मोजतो, आणि सगळं बी एकदम न टाकता पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन वाफे करतो. एक वाफा चुकला तरी दुसरा यात्रेला मिळतो. काढताना उपटू नका, विळ्यानं कापा. मुळाची माती लागली की जुडी घाण दिसते आणि गिऱ्हाईक पुढं जातं. पाच-दहा झाडं मात्र न कापता बियांसाठी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाच्या दारात जावं लागणार नाही. जागा नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडूनही दवणा येतो.

दुसरं झाड गवती चहा. ज्या बाईचं कधीच काही उगवलं नाही, तिनं यापासून सुरुवात करावी. शेजारणीच्या ठोंबातून मुळासकट दोन-तीन फुटवे घ्या, वरची पानं छाटा आणि न्हाणीच्या पाण्याजवळ लावा. फक्त साबणाच्या पाण्याचा थेट लोट नको. तिसरी तुळस. तिच्याविषयी तुम्हाला आम्ही काय सांगावं! एवढंच की मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर तुळस पसरते आणि जास्त टिकते.

चौथी ब्राह्मी, आणि इथं जरा थांबू. आपल्याकडं ब्राह्मी या एकाच नावानं दोन झाडं चालतात. एकाची पानं गोल, कडेला कातरलेली, बेडकाच्या पायासारखी. ती मंडूकपर्णी. दुसरीची पानं बारकी, जाडसर, गुळगुळीत, फूल पांढरं-निळसर. ती जलब्राह्मी. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींना सावली आणि ओल आवडते, दोन्ही तुकडा लावला की जगतात. डोकं शांत राहावं म्हणून दोन्हींचं तेल करतात. पण झाडं वेगळी आहेत, म्हणून औषध सांगणाऱ्याला पान दाखवूनच विचारा. आणि गटाराकडंची, ओढ्यातली ब्राह्मी तोडून खाऊ नका. ती घाण पाण्यातलं सगळं शोषून घेते. दारातल्या कुंडीतलीच वापरा. पोटातून घ्यायची तर गरोदर बाईनं आणि फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्या माणसानं आधी डॉक्टरांना विचारावं.

आता जपून वापरायच्या गोष्टी. वेखंड ओलीत, चिखलात सहज येतं. कांडं पुरलं की झालं. धान्याच्या कणगीत, लोकरीच्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवले की कीड लागत नाही, तिथं ते जरूर वापरा. पण बाळाला उगाळून चाटवू नका. वेखंडातल्या एका द्रव्यानं उंदरांना कर्करोग झाल्याचं दिसलं आणि अमेरिकेनं १९६८ साली ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली.

तसंच जायफळाचं. बासुंदीत चिमूटभर घातलं तर काही बिघडत नाही. पण एखादं आख्खं जायफळ पोटात गेलं तर मोठ्या माणसालाही धडधड होते, भलतंसलतं दिसतं, दोन-दोन दिवस गुंगी उतरत नाही. आणि आपण काय करतो? बाळ रडतं, आपल्याला भांगलायला जायचं असतं, म्हणून सहाणेवर जायफळाचे चार वेढे जास्तच देतो. पूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका बाळाला अफूची गोळी द्यायच्या. त्यांना पोर नकोसं नव्हतं. कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती आणि पोराला सांभाळायला कुणी नव्हतं. आपलंही दुखणं तेच आहे. त्यावर उपाय वेढा वाढवण्याचा नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे आपल्याला अंगणवाडीत सांगतातच. आमच्या गटात आता भांगलणीच्या दिवसांत दोन म्हाताऱ्या आळीपाळीनं पोरं धरतात आणि त्यांच्या वाटणीची भांगलण बाकीच्या करतात.

आता धोत्रा. तो लावावा लागत नाही, उकिरड्यावर, बांधावर आपोआप येतो. त्याची पानं, फुलं, मुळं, सगळंच विषारी, आणि बिया तर फारच. वाळक्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, म्हणून मोठी माणसंही फसतात. याच जातीच्या झाडांत अ‍ॅट्रोपीन नावाचं द्रव्य असतं. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला डॉक्टर ते वापरतात. शेतात फवारताना कीटकनाशकाची बाधा झाली तर हेच अ‍ॅट्रोपीन मोजून टोचतात. मोजून, हे लक्षात ठेवा. डॉक्टरांच्या हातात त्याचं माप असतं, बोंडात ते किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही. एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त. म्हणून दम्याला धोत्र्याची पानं ओढणं, दुखण्याला बी देणं, हे करू नका.

खुणा पाठ करा. तोंड कोरडं, अंग गरम आणि लाल, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, छाती धडधडते, लघवी अडते, माणूस बडबडतो, नसलेलं दिसतं. या खुणा दिसल्या तर उतारा करत बसू नका. तोंडात उरलेल्या बिया काढा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगीत असेल तर काहीच पाजू नका, कुशीवर झोपवा. १०८ नंबरला फोन लावा आणि खाल्लेलं बोंड किंवा झाडाची फांदी सोबत न्या. डॉक्टरांचा अर्धा वेळ त्यानं वाचतो.

पूजा सोडायची का? नाही. धोत्रा थेट देवळात न्यायचा, पिंडीवर वाहायचा, हात धुवायचे आणि मोकळ्या हातानं घरी यायचं. उरलेलं बोंड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. मावशींना आम्ही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हादेवानं हलाहल पचवलं, ते आपल्याला कुठलं पचायला!" आमच्या सगळ्यांच्या उत्तरापेक्षा त्यांचंच उत्तर बरं होतं.

शेवटी, अजिबात न लावायची दोन झाडं. गांजा आणि अफू. "चार झाडं उसात लपव, पैसे देतो," असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे. गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अफूही सरकारी परवान्याशिवाय लावता येत नाही, मग ती फुलांसाठी असो की खसखशीसाठी. शिवरात्रीच्या नावाखालीही झाड लावायला सूट नाही. आता अनेकींचं नाव सातबाऱ्यावर लागलं आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यासोबत जबाबदारीही आली. आपल्या जमिनीत असं झाड लावलेलं कळलं तर लगेच पोलिसांना किंवा अधिकाऱ्यांना कळवणं हे जमीनधारकाचं काम आहे, असं हाच कायदा सांगतो. म्हणून रान वाट्यानं दिलं असेल तरी अधूनमधून फडात फेरी मारा.

जाता जाता एक गोष्ट. अफू-गांजाला आपण नावं ठेवतो, पण सकाळी मिश्रीची डबी उघडतो. ती तंबाखूच आहे. हिरड्या, तोंडाचा कर्करोग, गरोदरपणात बाळाचं कमी वजन, हे सगळं तिच्यामागून येतं. तिच्यावर एक बोलणं स्वतंत्र करू.

येत्या बैठकीला एक काम करून या. आपल्या घराभोवती एक फेरी मारा आणि काय काय उगवलंय ते बघून या. ज्या झाडाचं नाव कुणालाच येत नाही त्याची फांदी पिशवीत घालून आणा, तोंडात घालून बघू नका. आणि आमच्याकडं या वर्षीचं दवण्याचं ताजं बी आहे. गटातल्या प्रत्येकीला चिमूट-चिमूट मिळेल. चार बायकांच्या दारात दवणा आला तरी पुढच्या चैत्रात आपल्या हातची जुडी देवाला जाईल.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!