दोष विजेचा की डिझेलचा?

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या रस्त्यांवर एमएच १८ व एमएच १९ क्रमांकाच्या जुन्या डिझेल जीप आजही धावताना दिसतात. १९९४ मध्ये आलेल्या टाटा सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. महिंद्राच्या कमांडर आणि मार्शल त्याआधीच बंद झाल्या. तरीही शेतमाल, प्रवासी आणि लग्नाचे वऱ्हाड वाहण्याचे त्यांचे काम संपलेले नाही. अशी गाडी ऐन वेळी सुरू झाली नाही, की पहिला संशय डिझेल पंपावर जातो आणि नेमका तोच भाग अत्यंत खर्चिक असतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा एखाद्या सैल तारेत किंवा चिरलेल्या नळीत दडलेला असतो. तो हुडकण्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा मूळ जागेच्या सुमारे एक-विसांश जागेत दाबली जाते, त्यामुळे ती प्रचंड तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. यांत्रिक पंप असलेल्या जुन्या गाडीला विजेची गरज मुख्यतः सुरू होण्यापुरतीच असते. म्हणून पहिला प्रश्न असा : सेल्फ मारल्यावर इंजिन जोमाने फिरते का?

आधी वीज

इंजिन फिरतच नसेल किंवा कण्हत फिरत असेल, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नये. पूर्ण भारित बॅटरी स्थिर असताना मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी अशक्त समजावी. तो फारसा ढळत नसूनही सेल्फ मंद असेल, तर टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर आणि इंजिन ते चॅसी ही अर्थिंगची पट्टी तपासावी. गाडी सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. न मिळाल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा.

खान्देशात यास हवामानाचीही जोड मिळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, बॅटरीतील पाणी उडते आणि तिचे आयुष्य घटते. हे नुकसान उघडकीस येते ते मात्र डिसेंबर-जानेवारीत, धुळ्याचा पारा दहा अंशांखाली उतरल्यावर. गारठ्याने ऑइल घट्ट होते, इंजिन सावकाश फिरते, दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जिरते आणि डिझेल पेटत नाही. दोष बॅटरीचा, लक्षण मात्र डिझेलचे! ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात, तेथे एखादा प्लग जळाला तरी हेच घडते.

मग डिझेल

इंजिन जोमाने फिरूनही सुरू होत नसेल, तर सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असल्यास डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. धूरच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. अशा वेळी पंपावरील सोलेनॉइड आधी तपासावा. चावी फिरवताच त्यातून ‘टक’ असा आवाज यायला हवा. न आल्यास तेथे वीज येते का हे पाहावे. काही गाड्यांत सोलेनॉइडऐवजी इंजिन बंद करण्याची तार असते. ती ओढलेल्या अवस्थेत अडकली नाही ना, याची खात्री करावी.

त्यानंतर टाकीपासून पंपाकडे क्रमाने जावे. सकाळी गाडी सुरू होऊन काही क्षणांत बंद पडत असेल, तर तिने एअर घेतली असण्याचा संभव मोठा. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते, त्यामुळे नळी चिरली तरी ते बाहेर सांडेलच असे नाही. उलट हवा आत शिरते. तेथे तात्पुरती पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. गळती बंद करून फिल्टरवरील स्क्रू सैल करावा आणि फेस थांबेपर्यंत हातपंप मारावा. चढावर किंवा वेगात ताकद कमी पडत असेल, तर फिल्टर चोंदलेला असू शकतो. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे असे समजावे. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी काढावे.

एवढे करून दोष न सापडल्यास मगच पंप आणि नोझल कुशल मेकॅनिककडे द्यावेत. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल त्वचेत घुसते. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

‘रस्त्यात बंद पडली तर ढकलून सुरू करू’, असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. अशा अनेक गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात उतारावर इंजिन बंद पडले, तर दोन-चार वेळा दाबल्यानंतर ब्रेक दगडासारखा कडक होतो. म्हणूनच मधूनच बंद पडणारी गाडी दोष सापडेपर्यंत प्रवासी घेऊन घाटात नेऊ नये.