कुकरची शिट्टी आणि खडकवासल्याची दारं

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या आधी घरात सल्ले पोहोचतात. एक काका म्हणतात, "इंजिनिअर काय, गल्लोगल्ली झालेत." दुसरे म्हणतात, "गणित बरं आहे ना? मग इंजिनिअरिंगच." इंजिनिअर दिवसभर नेमकं करतो काय, हे मात्र दोघंही सांगत नाहीत. ते कळल्याशिवाय दिलेला होकार अंदाजपंचे आणि नकारही. म्हणून नेहमी कानावर पडणारे सहा समज तपासून पाहू.

गैरसमज १ : इंजिनिअर म्हणजे एसीत बसून कोडिंग करणारा.

वस्तुस्थिती : कोडिंग हा अभियांत्रिकीच्या घराचा एक कोपरा झाला. कोकण रेल्वेचंच बघा. सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर गोव्यातला पेडण्याचा जेमतेम दीड. जास्त छळलं कोणी? पेडण्याने. करबुड्याला कातळ होता, त्यामुळे सुरुंग लावून पुढे सरकता येत होतं. पेडण्यात ओली, भुसभुशीत माती. जितकं खणावं तितकं वरून ढासळायचं. काम लांबीमुळे अडलेलं नाही, मातीमुळे अडलंय हे ओळखायचं आणि त्या मातीला आधार द्यायची रीत शोधायची, हे स्थापत्य अभियंत्याचं काम. यंत्र असो, वीज असो की सॉफ्टवेअर, घोडं नेमकं कुठे अडलंय हे हुडकणं सगळ्याच शाखांत पहिलं.

गैरसमज २ : गणितात पैकीच्या पैकी मिळत असतील तरच या वाटेला जावं.

वस्तुस्थिती : स्वयंपाकघरात चला. कुकरची शिट्टी म्हणजे एका बारीक भोकावर ठेवलेलं वजन. आत वाफेचा दाब वाढतो, वजन उचललं जातं, वाफ सुटते, वजन पुन्हा बसतं. मग हे वजन किती असावं? समजा, दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतका जादा दाब हवा आहे, म्हणजे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळेल आणि डाळ लवकर शिजेल. भोकाचा व्यास ३ मिलिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं ७० ग्रॅम. वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि एक गुणाकार, शाळेतलंच गणित. शिट्टीचं भोक चोंदलंच तर काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणजे झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह.

ठरलेली मर्यादा ओलांडली की आपोआप वाट मोकळी व्हावी, हाच विचार मोठ्या मापात पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर दिसतो. पुण्याच्याच कॉलेजात शिकलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी रचलेली स्वयंचलित दारं १९०३मध्ये तिथे बसली. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की ती उघडत, उतरलं की मिटत. धरणाची भिंत न वाढवता पाण्याचा साठा वाढला.

पुढे पदवीला अवघड गणित येतं, हे लपवायचं कारण नाही. पण त्यासाठी लागतो तो सराव. जन्मजात हुशारीचा शिक्का नव्हे. अकरावीत गणित घाईने सोडू नका, एवढं मात्र सांभाळा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसेल तर पदवीची नेहमीची वाट बंद होते.

गैरसमज ३ : हे मुलींचं काम नाही.

वस्तुस्थिती : शकुंतला भगत १९५३मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झाल्या. हा मान मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. पती अनिरुद्ध यांच्यासोबत त्यांनी पोलादी सुट्या भागांची अशी पद्धत बसवली की तेच भाग जोडून लहान-मोठे पूल उभे करता यावेत, मुलं मेकॅनोच्या पट्ट्या जोडतात तसे. हिमाचलातल्या स्पितीसारख्या दुर्गम भागात १९७२मध्ये असे पूल उभे राहिले. अवजड सामान जिथे पोहोचत नाही, तिथे सुटे भाग पोहोचतात.

गैरसमज ४ : आयआयटी हुकली की सगळं संपलं.

वस्तुस्थिती : राज्यातल्या महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. आजवरच्या पद्धतीत दीडशे प्रश्न, दोनशे गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापणं नाही आणि सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा. म्हणजे अकरावी 'आराम करायचं वर्ष' नव्हे. दुसरी वाट दहावीनंतरच फुटते : पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ज्याला पुस्तकाआधी हातात पाना धरायला आवडतो, त्याला ही वाट अधिक मानवते. नियम बदलत असतात, तेव्हा त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

गैरसमज ५ : पैसा आणि इंग्रजी माध्यम नसेल तर विसरा.

वस्तुस्थिती : २०२४-२५पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेशफेरीतून आल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' योजना निवडक मुलींना वर्षाला ५० हजार रुपये देते. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले आधीच काढून ठेवा. ऐन प्रवेशात धावपळ होते ती कागदांसाठी. भाषेचं म्हणाल, तर २०२१-२२पासून मोजक्या महाविद्यालयांत मराठीतून अभियांत्रिकी शिकण्याची सोयही झाली. तांत्रिक इंग्रजी लागतंच, पण ते वर्कशॉपमध्ये आणि आकृत्यांबरोबर हळूहळू अंगवळणी पडतं.

गैरसमज ६ : पदवी हातात आली की नोकरी दारात.

वस्तुस्थिती : तसं नाही. "गल्लोगल्ली इंजिनिअर" म्हणणाऱ्या काकांच्या बोलण्यात इथे तथ्य आहे. नुसत्या कागदाला किंमत कमी. तुम्ही काय बनवलंत, काय दुरुस्त केलंत, काय बिघडवून शिकलात, हे विचारलं जातं. म्हणून प्रवेशाआधीच स्वतःची परीक्षा घ्या. घरातला बंद पडलेला मिक्सर, प्लग काढून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, उघडून पाहा. ओळखीतल्या इंजिनिअरला पगार विचारू नका; "या आठवड्यात काय अडलं होतं?" असं विचारा. तो उत्तर देत असताना तुम्हाला जांभई आली तर दुसरी क्षेत्रं आहेत, त्यात कमीपणा नाही.

आणि एक लहानसा हिशेब. कुकरच्या भोकाचा व्यास ३ऐवजी ४ मिलिमीटर केला आणि दाब तोच ठेवला, तर शिट्टी किती ग्रॅमची लागेल? व्यास एक मिलिमीटरने वाढला, तरी वजन ७०वरून थेट सव्वाशे ग्रॅमवर जातं. का, हे कागदावर मांडून पाहावंसं वाटलं का? गुणपत्रिकेत ते दिसत नाही, पण निवड करताना आधी तेच पाहायचं.