गाणाऱ्या आईच्या घरी कोण असतं?

हुबळीहून कुंदगोळ आगगाडीने फार लांब नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गायिका गंगूबाई हनगल संध्याकाळच्या गाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे तालमीला जात आणि रात्री उशिरा परतत. त्याच सुमारास तरुण भीमसेन जोशी गुरूंच्या घरी राहून शिकत होते. रात्री गंगूबाईंना स्टेशनपर्यंत पोचवायला ते जात, अशी आठवण सांगतात. दोघांचे गुरू एकच, निष्ठाही तेवढीच. पण भीमसेन तिथे मुक्काम ठोकू शकत होते आणि गंगूबाईंना रोज घर गाठायचं होतं, कारण घरी मुलं होती. गुरुगृही राहून शिकण्याचं आपण तोंड भरून कौतुक करतो. ज्याच्या मागे संसार नाही त्यालाच ते परवडत असे, हे मात्र क्वचितच कुणी बोलतं.

गंगूबाईंचा जन्म १९१३ चा. सोळाव्या वर्षी लग्न, पुढे तीन मुलं, आणि संसाराचा भार बराचसा त्यांच्याच गाण्यावर. त्यांची आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. लेक हिंदुस्थानी शिकू लागली तेव्हा आपल्या गायकीची छाप तिच्या गळ्यावर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचं गाणं थांबवलं. अंबाबाईंनी मुलीसाठी गाणं सोडलं. गंगूबाईंनी मुलांसाठी गाणं धरून ठेवलं. पुढे गंगूबाईंची मुलगी कृष्णा हनगल वर्षानुवर्षं मैफलीत आईच्या मागे बसून स्वरसाथ करत राहिली. त्या साथीशिवाय उतारवयातल्या गंगूबाई डोळ्यांपुढे येतच नाहीत.

मला वाटतं, करिअर आणि मातृत्वाचा मेळ हा आजच्या काळाचा प्रश्न आहे, हा समज आपण आधी सोडायला हवा. गोव्याच्या कलावंत घराण्यांत बाईचं गाणं हीच घराची मिळकत होती. आई गायला गेली की आजी, मावशी मुलांकडे बघत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या बायकांना समाजाने दिलेली वागणूक अन्यायाची होती, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण कमावत्या आईच्या पाठीशी बायकांचं एक घर उभं असे, एवढं खरं. गाणं मध्यमवर्गीय लग्नघरात आलं, प्रतिष्ठा मिळाली, आणि हे पाठबळ मात्र मागेच राहिलं.

ते नसलं की काय होतं, हे गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या आयुष्यात दिसतं. जन्म १९०४, गाव गोव्यातलं कुर्डी, जे पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मुलीने गायिका व्हावं हा ध्यास आईचा. ती मोगूबाईंच्या लहानपणीच वारली. १९३४ मध्ये मुंबईत त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा थोरली मुलगी किशोरी जेमतेम दोन-तीन वर्षांची होती. काही वर्षांतच पती गेले. तीन मुलं, शिकवण्या, मैफली आणि जयपूर घराण्याची अवघड तालीम, हे सगळं एकाच बाईच्या अंगावर आलं.

किशोरीताई आईबरोबर तानपुऱ्यावर साथीला जात. आईला तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा लागे, उतरण्याची सोय हॉटेलात न होता कुणाच्या तरी घरी होई, बिदागीही तुटपुंजी असे, हे त्यांनी पाहिलं होतं आणि उघडपणे सांगितलंही. मोठेपणी स्वतः गाताना मैफलीच्या अटींबाबत त्या कमालीच्या कडक राहिल्या. अनेकांनी त्याला तऱ्हेवाईकपणा म्हटलं. मला त्यात आईचा अपमान डोळ्यांनी बघितलेली मुलगी दिसते.

आता शरीराकडे येऊ. गायिकेचं वाद्य तिच्या देहातच असतं आणि गरोदरपणात ते बदलतं. वाढतं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं, त्यामुळे एका दमात होणारी तान मध्येच तुटते. संप्रेरकांमुळे स्वरतंतूंना थोडी सूज येऊ शकते, मग तारसप्तक जड जातं. जळजळ वाढते आणि घशाशी आलेलं आम्ल आवाज खरखरीत करतं. बाळंतपणानंतर, त्यातही सिझेरियन झालं असेल तर, ज्या पोटाच्या स्नायूंवर श्वास तोलायचा तेच दुखरे असतात. षड्ज लागतो, पण टिकत नाही. अशा वेळी हळूहळू, डॉक्टरांना विचारून, थोडा थोडा रियाज वाढवणं हाच मार्ग. आणि पहाटेचा खर्जाचा रियाज? तान्हं बाळ रात्रभर जागवून पहाटेच डोळा मिटतं. त्या वेळी तानपुरा छेडायचा की आपणही तासभर झोपायचं, हा निर्णय ज्या बाईने घेतला आहे तिलाच कळेल.

कायदा इथे उपयोगी पडत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. पण ही रजा द्यायला कुणी मालक लागतो. मैफलीवर जगणाऱ्या गायिकेला, सतारवादिकेला, साथीला बसणाऱ्या पेटीवालीला मालक कोण? कार्यक्रम केला तर मानधन, नाही केला तर नाही. शिवाय मैफलींचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा. बाळंतपण डिसेंबर-जानेवारीत आलं की वर्षाची कमाई बुडते, आणि पुढच्या वर्षी आयोजक परस्पर ठरवून टाकतात, "तिचं बाळ लहान आहे, तिला कशाला त्रास?" ही काळजी प्रेमाची असते, पण तिला न विचारता केलेली असते.

मोठमोठ्या सभागृहांच्या ग्रीनरूममध्ये आरसा असतो, दिवे असतात, तबला लावायला जागा असते. बाळाला पाजायला आडोसा क्वचित असतो. मग आई शालीच्या आडून पाजते, शेजारी तानपुरा लावणं चाललेलं असतं, दारातून सतत माणसं ये-जा करतात. आणि हिची वेळ पाऊण तासाने पुढे ढकलली जाते, कारण आधीच्या ज्येष्ठ कलाकारांचं गाणं लांबलं. पाऊण तास उशीर म्हणजे दुधाची पुढची वेळ मंचावर येणार, हे आयोजकाच्या लक्षातही येत नाही.

यावर मोठ्या योजनांची वाट पाहायची गरज नाही. कलाकाराला पाठवायच्या पत्रात तबला, पेटी, तानपुऱ्याच्या साथीदारांचा प्रवासखर्च लिहिलेला असतोच. त्याच ओळीत, बाळ सहा महिन्यांचं असो की दोन वर्षांचं, त्याला सांभाळायला येणाऱ्या माणसाचं तिकीट लिहावं, एक बंद होणारी खोली द्यावी आणि ठरलेली वेळ पाळावी.