अभिजात क्रीडा मोटारगाडी व आधुनिक हॅचबॅक
जॅग्वार ई-टाइप (१९६१) या ब्रिटिश क्रीडा मोटारगाडीत ३,७८१ घ. सेंमी. धारणक्षमतेचे सहा सिलिंडरांचे एंजिन असून त्याची जाहीर शक्ती २६५ अश्वशक्ती होती. टोयोटा जीआर यारिस (२०२०) या जपानी हॅचबॅकचे तीन सिलिंडरांचे १,६१८ घ. सेंमी. एंजिन जवळजवळ तेवढीच शक्ती देते. निष्कास वायूंच्या जोरावर चालणारा संपीडक सिलिंडरात अधिक हवा दाबून भरतो आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे इंधन अचूक मापाने मिळते, हे याचे कारण होय. तथापि ई-टाइपचा आकडा एंजिनावरील साहाय्यक सामग्री वगळून मोजलेला होता. प्रत्यक्षात मिळणारी शक्ती बरीच कमी असे. शिवाय यारिसची चारही चाके चालक असतात, ई-टाइपची केवळ मागील दोन. म्हणूनच केवळ जाहीर अश्वशक्तीवरून केलेली दोन काळांतील गाड्यांची तुलना दिशाभूल करणारी ठरते.